तारुण्यपीटिका, त्वचेवरील जंतू आणि चेहऱ्यावरील वण

बाल्य सरून तारुण्याची चाहूल लागली की बहुतेक मुलामुलींच्या चेहऱ्यावर कमीअधिक प्रमाणात पुटकुळ्या दिसू लागतात. बोलीभाषेत त्यांना मुरूम म्हणतात. वैद्यकाच्या परिभाषेत त्या तारुण्यपीटिका होत. वयाबरोबर आलेली गोष्ट वयाबरोबर निघून जाईल, अशी घरातील वडीलधाऱ्यांची समजूत असते. ‘लग्न झाले की मुरूम जातात’ हे वाक्य तर घरोघरी ऐकावयास मिळते. पुष्कळांच्या बाबतीत पुटकुळ्या खरोखरच ओसरतात. परंतु काहींच्या गालांवर खड्डे आणि वण मागे राहतात, आणि ते मात्र वयाबरोबर जात नाहीत. पुटकुळी काही आठवड्यांची असते, वण जन्माचा असतो. हा धोका बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी पुटकुळी कशी तयार होते, तिच्यात त्वचेवरील जंतूंचा वाटा कोणता आणि वण नेमका कशामुळे पडतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

त्वचा : एक नांदती वसाहत

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील गिरीज हे गाव समुद्रालगतच्या बागायती पट्ट्यात वसलेले आहे. केळी, भाजीपाला आणि फुले पिकविणाऱ्या या पट्ट्यातील वाड्यांना पूर्वी रहाटाने आणि पुढे पंपाने विहिरीचे पाणी मिळत आले. येथील शेतकऱ्याला मातीचा गुण वेगळा सांगावा लागत नाही. माती निर्जीव नसते. तिच्यात असंख्य सूक्ष्म जीव नांदत असतात आणि त्यांच्यामुळेच शेणखताचे पिकाच्या अन्नात रूपांतर होते. मात्र निचऱ्याची वाट बुजून पाणी वाफ्यात साचून राहिले, की त्याच मातीत मुळे कुजू लागतात. प्रत्येक वेळी बाहेरून कोणी शत्रू आलेला असतोच असे नाही. पुष्कळदा आतील परिस्थिती बदललेली असते.

माणसाच्या त्वचेचेही बरेचसे असेच आहे. त्वचेतील प्रत्येक केस एका खोल, अरुंद नळीतून वर येतो. हिला रोमकूप म्हणतात. रोमकूपाला लागून तैलग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारा स्निग्ध पदार्थ रोमकूपाच्या वाटेने वर येऊन त्वचेला मऊपणा देतो. चेहरा, छाती आणि पाठीचा वरचा भाग येथे या ग्रंथी मोठ्या व दाट असतात. पुटकुळ्या मुख्यतः याच भागांत का होतात, याचे उत्तर या रचनेत आहे.

या तैलयुक्त रोमकूपांत एका जंतूची कायमची वस्ती असते. ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हे त्याचे शास्त्रीय नाव. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांना १८९६ साली पुटकुळ्यांच्या तपासणीत हा जंतू दिसला. पुढे दीर्घकाळ तो ‘प्रॉपियोनिबॅक्टेरियम’ या कुळात गणला जात होता. २०१६ साली त्याचे आजचे नाव रूढ झाले. प्राणवायूचे प्रमाण जेथे अत्यल्प आहे अशा ठिकाणी तो चांगला वाढतो आणि तैलग्रंथींच्या स्रावावर उपजीविका करतो. तेलकट चेहऱ्याच्या एका चौरस सेंटीमीटर जागेत या जंतूंची संख्या कित्येक लाखांपर्यंत असू शकते.

एवढी संख्या ऐकून घाबरण्याचे कारण नाही. ज्यांना आयुष्यात एकही पुटकुळी आली नाही, अशा निरोगी माणसांच्या चेहऱ्यावरही हा जंतू असतो, आणि तो काही प्रमाणात उपकारकही असतो. त्वचेवरील स्निग्ध पदार्थाचे विघटन करून तो मेदाम्ले तयार करतो. त्यामुळे त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी राहतो आणि इतर उपद्रवी जंतूंना तेथे सहजासहजी पाय रोवता येत नाहीत. मुरूम हा संसर्गजन्य रोग नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. मुरूम असलेल्या मुलाचा टॉवेल वापरला किंवा त्याच्याशेजारी बसले म्हणून मुरूम होत नाहीत. त्याचप्रमाणे मुरूम हे अस्वच्छतेचे लक्षणही नव्हे.

मग पुटकुळी होते कशी?

वयात येताना मुलगे आणि मुली या दोघांच्याही शरीरात अँड्रोजेन या गटातील हार्मोनांचे प्रमाण वाढते. त्यांच्या प्रभावाने तैलग्रंथी मोठ्या होतात आणि अधिक स्राव निर्माण करू लागतात. त्याच सुमारास रोमकूपाच्या मुखाशी असलेल्या पेशी नेहमीप्रमाणे सुटून न पडता एकमेकींना चिकटून राहतात. स्राव आणि मृत पेशी यांचे बूच तयार होऊन रोमकूपाचे तोंड बुजते. बूच त्वचेखाली राहिले तर पांढरट कणी दिसते. तोंड उघडे राहिले तर बुचाचे टोक काळे दिसते. हा काळेपणा मळाचा नसतो. त्वचेतील रंगद्रव्य आणि हवेशी संबंध येऊन स्रावात होणारा बदल यांमुळे तो येतो. म्हणून तो साबणाने धुऊन जात नाही.

तोंड बुजलेल्या या नळीत तेल भरपूर आणि प्राणवायू अत्यल्प अशी स्थिती निर्माण होते, आणि आतापर्यंत शांतपणे राहणाऱ्या जंतूला ती मानवते. या जंतूचे अनेक उपप्रकार आहेत. मुरूम असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींच्या त्वचेवर जंतूंची एकूण संख्या फारशी वेगळी नसली, तरी त्यांतील उपप्रकारांचे प्रमाण वेगळे असते, असे गेल्या काही वर्षांतील संशोधनाने दाखविले आहे. काही उपप्रकार दाह निर्माण करण्यात अधिक तत्पर असतात. त्वचेवर इतरही जातींचे जंतू राहतात आणि ते एकमेकांना आवर घालतात. हा समतोल ढळला की दाहकारक उपप्रकारांचे फावते. शिवाय हे जंतू स्वतःभोवती चिकट आवरण विणून रोमकूपाच्या भिंतीला धरून राहतात, त्यामुळे औषधही त्यांच्यापर्यंत सहज पोहोचत नाही.

येथपर्यंतची घटना जंतूंची. यापुढील घटना मात्र आपल्याच शरीराची आहे. जंतूंनी सोडलेली द्रव्ये आणि त्यांचे अंश शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला जाणवतात. संरक्षक पेशींवरील कोणत्या ग्राहकामार्फत ही जाणीव होते, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. धोक्याची सूचना मिळताच रक्तातील पांढऱ्या पेशी रोमकूपाकडे धाव घेतात. तेथे लाली येते, सूज येते, पू होतो आणि जागा ठणकू लागते. ज्याला आपण पिकलेली पुटकुळी म्हणतो, ती जंतू आणि शरीर यांच्यातील या झटापटीचे दृश्य रूप होय. काही वेळा बूच दिसू लागण्यापूर्वीच रोमकूपाभोवती दाहाचा प्रारंभ झालेला असतो, असेही आढळले आहे.

वण कसा पडतो?

संरक्षक पेशी जंतूंशी झुंजताना तीव्र विकरे, म्हणजे एन्झाइमे, सोडतात. या विकरांना जंतू आणि आपली त्वचा असा भेद करता येत नाही. रोमकूपाची भिंत फुटली, की आतील तेल, मृत पेशी आणि जंतू भोवतालच्या खोल थरात पसरतात आणि दाहही तेथवर पोहोचतो. त्वचेला आधार देणारे कोलॅजेनचे तंतू या धुमश्चक्रीत तुटतात. दाह लवकर शमला तर शरीर ही तूट व्यवस्थित भरून काढते. दाह लांबला तर भरणी अपुरी पडते, वरची त्वचा खाली ओढली जाते आणि खड्डा राहतो. मुरमांमुळे पडणाऱ्या वणांपैकी सुमारे ८० ते ९० टक्के वण अशा खड्ड्यांच्या स्वरूपाचे असतात. काही खड्डे टोचणीच्या टोकासारखे अरुंद व खोल, काही कडा स्पष्ट असलेले, तर काही उथळ व लाटेसारखे असतात. याउलट काही व्यक्तींमध्ये भरणी प्रमाणाबाहेर होऊन छातीवर, खांद्यांवर किंवा जबड्याच्या कडेला उंचवट्याचे वण उठतात. मूळ जखमेच्या सीमेपलीकडे वाढत जाणाऱ्या अशा वणाला कीलॉइड म्हणतात.

सारख्याच पुटकुळ्या असलेल्या दोन भावंडांपैकी एकाच्या चेहऱ्यावर वण राहतात आणि दुसऱ्याचा चेहरा स्वच्छ होतो, असे पुष्कळदा दिसते. वण पडण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. ज्यांना वण पडतात त्यांच्यात दाह रेंगाळत राहतो, असे अभ्यासांत आढळले आहे. आनुवंशिकता आपल्या हाती नाही. दाह किती काळ चालू द्यावयाचा हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. मुरूम सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंत जितका अधिक काळ लोटतो, तितकी वण पडण्याची शक्यता वाढते. ‘आपोआप जाईल’ म्हणून घालविलेली दोन-तीन वर्षे अशी महाग पडतात.

पुटकुळी नखांनी फोडण्याची सवयही तितकीच घातक आहे. दाबल्याने थोडा पू बाहेर येतो, पण आतील द्रव्य रोमकूपाची भिंत फोडून खोलवर शिरते आणि पुढे लहानशा पुटकुळीच्या जागी मोठी गाठ होते.

डाग आणि वण यांतील भेदही लक्षात ठेवला पाहिजे. आपल्याकडील सावळ्या व गव्हाळ त्वचेत पुटकुळी बरी झाल्यावर काळसर डाग राहतो. त्या ठिकाणी रंगद्रव्य जास्त साठलेले असते. पृष्ठभाग सपाट असेल तर तो डाग होय; नव्या पुटकुळ्या थांबल्या आणि उन्हापासून चेहरा जपला, तर तो काही महिन्यांत फिका होतो. बोट फिरविल्यावर खळगा किंवा उंचवटा जाणवला तर तो वण होय. पुष्कळ मुले डागालाच वण समजून निराश होतात आणि उतावळेपणाने भलतेच उपाय करून बसतात.

किनारपट्टीवरील सवयी आणि समजुती

गिरीजसारख्या समुद्रकाठच्या गावांत हवा वर्षाचा बराच काळ दमट असते. त्यातच डोक्याला भरपूर खोबरेल तेल लावण्याची पद्धत आहे. तेल घामाबरोबर कपाळावर उतरते आणि रोमकूप बुजविते. केसांना चोपडण्याच्या स्निग्ध पदार्थांमुळे कपाळावर आणि कानशिलांवर बारीक पुटकुळ्या उठतात, ही गोष्ट अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० साली नोंदविली होती. तेल सोडावयास हवे असे नाही. मुरमांचा त्रास असलेल्यांनी ते बेताने, केसांच्या टोकांकडे आणि न्हाण्यापूर्वी लावावे. वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली परिसरातील कारखान्यांत लेथसारख्या यंत्रांवर काम करणाऱ्या तरुणांच्या बाबतीत यंत्राच्या तेलाकडेही लक्ष दिले पाहिजे. तेलाने भिजलेले कपडे अंगावर राहिल्यास हात व मांड्यांवरही अशाच पुटकुळ्या उठतात. काम संपताच कपडे बदलणे आणि अंग धुणे हा त्यावरील सोपा प्रतिबंध आहे.

दमट हवेत छाती व पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाज सुटणाऱ्या पुटकुळ्या आल्या तर त्या मुरमांच्या असतीलच असे नाही. एका प्रकारच्या यीस्टमुळेही तसे होते, आणि जंतूंवरील औषधाने तो त्रास उलट वाढू शकतो. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरेसे आहे. वारंवार धुणे, डाळीच्या पिठाने किंवा खरखरीत वस्तूने घासणे, लिंबू चोळणे, टूथपेस्ट लावणे यांमुळे त्वचेचे संरक्षक आवरण दुखावते आणि दाह वाढतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून डाग पडतात. पोट साफ नसल्याने किंवा आंब्याच्या ‘उष्णते’ने मुरूम येतात, या समजुतीला शास्त्रीय पुरावा नाही. मात्र साखर आणि मैद्याच्या पदार्थांचे अतिसेवन आणि मुरूम यांचा संबंध काही अभ्यासांत दिसून आला आहे, तेव्हा तेथे संयम बाळगणे इष्ट. मुलीला मुरमांबरोबर मासिक पाळीची अनियमितता आणि चेहऱ्यावर केस वाढणे असा त्रास असेल, तर हार्मोनांची तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

स्टिरॉइड मलमांपासून सावध

घरगुती उपायांपेक्षा अधिक नुकसान दुकानातून परस्पर आणलेली मलमे करतात. स्टिरॉइडयुक्त मलम लावले की दोन-तीन दिवसांत लाली ओसरते आणि चेहरा उजळल्यासारखा वाटतो. हा गुण फसवा असतो. मलम दाहाला तात्पुरते दडपून ठेवते. रोमकूपातील बूच आणि जंतू जागच्या जागी राहतात. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तेथे केस वाढतात आणि पूर्वीपेक्षा जास्त मुरूम उठतात. मलम थांबविले की चेहरा लालबुंद होऊन आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो.

या दुरुपयोगाची व्याप्ती तपासण्यासाठी भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी देशातील १२ केंद्रांवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे वापरत होते. त्यांतील बऱ्याच जणांनी ती गोरेपणासाठी किंवा मुरमांसाठी घेतली होती, आणि निम्म्याहून अधिक लोकांना ती डॉक्टरांव्यतिरिक्त इतर कोणी तरी सुचविली होती. त्यानंतर २०१८ साली केंद्र शासनाने चौदा स्टिरॉइड औषधांच्या बाह्योपचाराच्या मलमांना ‘अनुसूची एच’ मध्ये आणले. अशी मलमे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. कायद्याने दुकानदारावर बंधन घातले आहे. पण मैत्रिणीने दिलेली किंवा घरात उरलेली नळी न लावण्याचा निर्धार प्रत्येकाने स्वतःच केला पाहिजे.

उपचार : धीर आणि सातत्य

आज मुरमांवर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. रोमकूप मोकळा करणारी ॲडॅपलीनसारखी औषधे आणि जंतूंची संख्या घटविणारे बेंझॉइल पेरॉक्साइड हे सौम्य व मध्यम मुरमांवरील उपचारांचे मुख्य आधार होत. बेंझॉइल पेरॉक्साइडचे वैशिष्ट्य असे, की त्याला जंतू निर्ढावत नाहीत. प्रतिजैविकांची गोष्ट वेगळी आहे. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन यांना दाद न देणारे जंतू मुरमांच्या रुग्णांत आढळल्याचे अमेरिकेत १९७९ साली नोंदविले गेले, आणि पुढे दिल्लीतील अभ्यासांतही असे जंतू दिसून आले. म्हणून प्रतिजैविक एकटे वापरू नये, त्याच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड द्यावे आणि सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत ते थांबवावे, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरणे किंवा मनाने औषध लांबविणे म्हणजे निर्ढावलेले जंतू जोपासणे होय. ते पुढे इतर आजारांतही अडचण निर्माण करू शकतात.

खोल गाठी आणि वण पडू लागलेले मुरूम यांवर आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यावयाचे प्रभावी औषध आहे. अमेरिकेत १९८२ साली त्याला मान्यता मिळाली. गर्भावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होतात; त्यामुळे औषध चालू असताना आणि थांबविल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा होता कामा नये. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते.

कोणत्याही उपचाराचा गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडणारे बरेच असतात. बियाणे टाकल्यावर दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहण्यासारखेच ते आहे. पडून गेलेल्या वणांवर सूक्ष्म सुयांचा रोलर, लेसर, रासायनिक उपचार असे मार्ग आहेत. त्यांनी वण कमी होतात. पूर्णतः पुसले जाणे कठीण असते. शिवाय ते खर्चिक आहेत, आणि नव्या पुटकुळ्या आटोक्यात आल्यावरच करावयाचे असतात. प्रतिबंध हाच येथे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय ठरतो.

सल्ला कोठे मिळेल?

शाळकरी मुलांच्या आरोग्यतपासणीसाठी असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथेच झाला, ही या जिल्ह्याला भूषणावह गोष्ट आहे. त्या तपासणीत खरूज, इसब यांसारख्या त्वचारोगांचा समावेश आहे. मुरूम त्या यादीत नसले, तरी तपासणीसाठी आलेल्या डॉक्टरांना विचारण्यास मुलांनी संकोच करू नये. किशोरवयीनांसाठी २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने सल्लाकेंद्रे चालविण्यात आली असून तेथे या वयातील शारीरिक व मानसिक अडचणींविषयी मोकळेपणाने बोलता येते. तज्ज्ञ उपचारांची गरज भासल्यास गिरीजच्या रहिवाशांना पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलजवळील नायर रुग्णालय किंवा परळचे के. ई. एम. रुग्णालय गाठता येते. तेथे त्वचारोग विभाग आहेत. पुटकुळ्या दुखऱ्या व खोल असतील, छाती-पाठीवर पसरल्या असतील किंवा एकही खड्डा पडलेला दिसला, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

मुरमांमुळे प्राण जात नाहीत, म्हणून त्यांची गणना क्षुल्लक दुखण्यांत होते. परंतु ज्या वयात मुलगा किंवा मुलगी आरशात स्वतःची ओळख शोधत असते, त्याच वयात हा विकार गाठतो. चेहरा लपविण्यासाठी वर्गात मागच्या बाकावर बसणारी, समारंभाला जाण्याचे टाळणारी, छायाचित्राच्या वेळी बाजूला सरणारी मुले आपल्या आसपास असतात. त्यांची चेष्टा करणे किंवा ‘चेहरा नीट धूत जा’ असे सुनावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी त्यांना वेळीच योग्य उपचारांची वाट दाखविली, तर पुटकुळ्या खरोखरच वयाबरोबर जातील आणि मागे वण ठेवणार नाहीत.